नौपाड्यातल्या एका स्वयंपाकघराची वही

ठाण्याच्या नौपाड्यातली तीन मजली, बिनलिफ्टची इमारत पुनर्विकासाला गेली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाला घोडबंदर रोडला भाड्याच्या घरात जावं लागलं. घरात ऐंशी ओलांडलेल्या आजी, त्यांचा मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारी नात. लेक लग्न होऊन ऐरोलीला. सामानाची बांधाबांध सुरू झाली तेव्हा सून माझ्याकडे आली. मी घरीच स्क्रॅपबुकचे वर्ग घेते. तिला सासूबाईंच्या स्वयंपाकघराचं स्क्रॅपबुक हवं होतं. पाककृती, सणवार, वर्षभराची कामं, सगळं ओटा मोडायच्या आत. घरच्यांना विचारून हे लिहिते आहे. नावं देत नाही.

माझ्याकडे येतात ती स्क्रॅपबुकं बहुतेक बाळाच्या पहिल्या वर्षाची, नाहीतर लग्नाची. त्यांत फोटो ढीगभर आणि कागद चार. इथे सगळं उलटं होतं. आजींच्या स्वयंपाकघराचे फोटो जवळजवळ नव्हतेच. पूर्वी फोटो काढायचा तो बाहेरच्या खोलीत, मखरासमोर, नवी साडी नेसून. ओट्याशी उभ्या बाईचा रोल कोण वाया घालवणार? कागद मात्र बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गच्च भरलेले. त्यात वर्तमानपत्रांतली कात्रणं होती, लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहिलेल्या चकल्यांच्या भाजण्या होत्या, वाण्याच्या याद्या होत्या, आणि शेजारच्या सीकेपी काकूंच्या हातची शेवळांच्या भाजीची चिठ्ठी होती. तिच्यात ‘काकडं विसरू नये, घसा खाजेल’ या ओळीखाली दोन रेघा. (काकडं म्हणजे शेवळांची खाज मारायला त्यांत घालायची रानफळं.) कालनिर्णयची जुनी पानं तर वर्षानुवर्षांची होती. हे कॅलेंडर १९७३ साली सुरू झालं. आजींकडे त्यातली बरीच वर्षं दोऱ्याने बांधून ठेवलेली.

सुनेने त्याआधी स्वतः एक अल्बम सुरू केला होता. बारा इंची चौकोनी पानं, फुलाफुलांचा कागद, वॉशी टेप म्हणजे नक्षीची कागदी चिकटपट्टी, ‘आजीच्या हातची चव’ असं कापून चिकटवलेलं शीर्षक. दिसायला सुरेख. पण एका पानावर पुरणपोळीची चिठ्ठी बसावी म्हणून तिने तिच्या कडा कापल्या होत्या, आणि कापलेल्या पट्टीवर आजींनी बाजूला लिहिलेलं ‘गूळ चिकट असेल तर कमी’ हे गेलं होतं. ती पट्टी कचऱ्यात मिळाली, हे नशीब. मला स्टिकरांचा राग नाही, पण स्वयंपाकघराच्या वहीत कागदाच्या कडा पवित्र मानाव्यात. खरी माहिती बहुधा तिथेच, घाईघाईने लिहिलेली असते.

क्रम कसा लावायचा, यावर पहिला वाद झाला. सुनेचं म्हणणं पदार्थांप्रमाणे: गोड, तिखट, लोणची, फराळ. नातीला महिन्यांप्रमाणे हवं होतं. आजी म्हणाल्या, “मला काय विचारता? मी कधी पान उलटून केलंय?” पदार्थांप्रमाणे लावलं असतं तर ते पाककृतींचं पुस्तक झालं असतं, आणि तशी दुकानात पुष्कळ मिळतात. इंग्रजी महिन्यांचीही अडचण होती. २०२३ साली अधिक श्रावण आला म्हणून गणपती १९ सप्टेंबरला बसले, पुढच्या वर्षी ७ सप्टेंबरला. दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. ‘सप्टेंबर’ नावाच्या पानावर ऋषीची भाजी एका वर्षी बसते, एखाद्या वर्षी ऑगस्टमध्येच होऊन जाते.

शेवटी कॅलेंडरांनीच वाट दाखवली. आजी तारखांच्या चौकोनांत पेन्सिलने टिपत: सिलिंडर लागला, दळण, पापड लाटले, कैऱ्या आणल्या, मिरची कांडपाला दिली. अनेक वर्षांची पानं जमिनीवर एकाखाली एक मांडली, तेव्हा त्या घराचं वर्ष डोळ्यांसमोर आलं. पाडवा झाला की पन्हं आणि आंब्याची डाळ. मग वाळवणं: कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, सांडगे, सगळं गच्चीवर. मेच्या शेवटी आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी. त्यात लोणचं घालायचं, वर्षाचा मसाला करायचा, कोकम भरायचं, कांदे पसरून ठेवायचे. पहिल्या सरींबरोबर शेवळं, मग येऊरच्या बाजूने पाट्या घेऊन येणाऱ्या बायकांकडचा टाकळा, कुर्डू, भारंगी. श्रावण, गौरी-गणपती, कोजागरी, फराळ. नंतर थंडीतलं उंधियूसारखं काही नाही. या घरात थंडी म्हणजे भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि डिंकाचे लाडू. वहीचे भाग याच कामांप्रमाणे केले: वाळवण, आगोट, पाऊस, गौरी-गणपती, फराळ, थंडी. भाग सारखे जाडीचे झाले नाहीत. आगोटीचा भाग सगळ्यांत जाड, थंडीचा अगदी बारीक. ते मी तसंच ठेवायला सांगितलं.

आता कागदांचं. ठाण्यात हे काम करताना पहिला वैरी पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतला दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या वर असतो आणि साधारण पासष्टच्या पुढे कागदावर बुरशी धरायला लागते. त्यामुळे चिकटवण्याचं सगळं काम पावसाआधी उरकायचं, नाहीतर दसऱ्यानंतर करायचं. आम्ही नोंदी आणि स्कॅन उन्हाळ्यात केले, पानं बांधली दिवाळीनंतर. फेव्हिकॉलमध्ये पाणी असतं, पातळ कागदाला त्याने सुरकुत्या पडतात. मैद्याची खळ तर कसर आणि झुरळांना आमंत्रण. चिठ्ठ्या चिकटवल्याच नाहीत. कोपऱ्यांवर कागदी खोबण्या लावून त्यांत अडकवल्या, म्हणजे हवं तेव्हा काढून पाठची बाजू वाचता येते. या डब्यातल्या निम्म्या चिठ्ठ्यांना पाठ होती.

सेलोटेप पिवळी पडते, तिचा गोंद कागदात मुरतो आणि मग डाग जात नाही. जिथे जुनी टेप होती तिथे केस वाळवायच्या यंत्राची मंद ऊब देऊन, कड सुटली तेवढीच सोडवली. जिथे अक्षरं टेपखाली होती तिथे हात लावला नाही. चिकट पानांच्या जुन्या अल्बममध्ये मुंजीतल्या पंगतीचे दोन फोटो होते. ते दात साफ करायच्या दोऱ्याने, फोटोच्या मागून करवतीसारखा हलका सरकवत, सुटे केले. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, म्हणून तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि शेजारच्या कागदालाही डाग देतो. कात्रणांच्या आम्लरहित कागदावर प्रती काढल्या आणि मूळ कात्रणं वेगळ्या पाकिटात ठेवली. सुपरमार्केटची बिलं सुनेला ‘आजचा भाव’ म्हणून लावायची होती. तो कागद उष्णतेने उमटणारा, दोन-चार वर्षांत कोरा होतो. त्याचीही झेरॉक्सच लावली.

तेलाच्या डागांवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: राहू देत. ताज्या डागावर कॉर्नफ्लोर टाकलं तर तेल शोषलं जातं, पण तीस वर्षांचा डाग कागदाचाच झालेला असतो. प्रश्न एवढाच की तेल समोरच्या पानावर उतरतं. अशा चिठ्ठ्या एकेकट्या, पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात घातल्या. बाजारात स्वस्तात मिळणारी मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात, ती शाई ओढतात, ती नकोत. आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा उघडता येत नाही. नातीने संक्रांतीच्या पानावर हलव्याचे दागिने लावायचं ठरवलं होतं. साखर दमट हवेत पाणी धरते आणि मुंग्या रांग लावतात. दागिन्यांचा फोटो लावला, दागिने तिने घातले.

गोड्या मसाल्याची चिठ्ठी

या प्रकरणाचा गाभा आगोटीच्या भागात सापडला. घरात एक जुना सल होता, आणि तो मला पहिल्याच आठवड्यात दोन्ही बाजूंनी, वेगवेगळा, कानात सांगितला गेला. लेकीचा गोडा मसाला आजींसारखा होतो, सुनेचा होत नाही. सुनेला मनातून वाटायचं की आईंनी लेकीला खरं प्रमाण दिलं आणि आपल्याला काहीतरी राखून. लेक म्हणायची, “वहिनीला भाजायची घाई असते.” आजी काहीच म्हणायच्या नाहीत.

डब्यात मसाल्याची चिठ्ठी होती, आजींच्या सासूबाईंच्या हातची. जाड निबेचं, बाळबोध अक्षर. धणे १ शेर, खोबरं ।शेर, तीळ १॥ छटाक, जिरं १० तोळे, दगडफूल २ तोळे, नागकेशर १ तोळा, पुढे लवंग-दालचिनी वगैरे, आणि शेवटी ‘हिंग निळ्या झाकणाने एक’. सून इतकी वर्षं याच चिठ्ठीवरून मसाला करत आली होती. लेकीकडे वेगळा कागद होता, तिच्या लग्नाच्या वेळी आजींनी स्वतः लिहून दिलेला, किलो-ग्रॅममध्ये. दोन्ही कागद प्रथमच शेजारी ठेवले गेले ते स्क्रॅपबुकच्या निमित्ताने.

सुनेने शेराचा किलो केला होता आणि तोळ्याचे १० ग्रॅम, कारण सराफाकडे हल्ली तोळा म्हणजे १० ग्रॅमच. पण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आणि पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. शेराला १ किलो धरायचं तर त्याच पटीत तोळा साडेबारा ग्रॅम धरायला हवा. दोन तोळे दगडफूल म्हणजे २५ ग्रॅम. सून २० घालत होती. नागकेशर साडेबाराऐवजी १०, जिरं १२५ऐवजी १००. म्हणजे धण्याच्या मानाने प्रत्येक वासाची वस्तू एक पंचमांशाने कमी. आजींच्या हातच्या लेकीकडच्या कागदात दगडफूल २५ ग्रॅम स्वच्छ लिहिलेलं होतं. हिशेब त्यांनी बहुधा केलाच नव्हता, हाताच्या अंदाजाने तो बरोबर आला होता.

तिळाचं प्रकरण वेगळंच. जुन्या लिहिण्यात एक उभा दंड म्हणजे पाव, दोन दंड म्हणजे अर्धा, दोन आणि एक मिळून पाऊण. १॥ म्हणजे दीड. सुनेने त्या दोन रेघा वाक्य संपल्याची खूण धरल्या आणि एकच छटाक तीळ घेतले. छटाक ५ तोळ्यांचा. दीड छटाक म्हणजे ८७ ग्रॅम, किलोच्या पटीत ९४. लेकीच्या कागदावर तीळ १०० ग्रॅम. ज्या पिढीने हे दंड रोज वापरले तिला ते समजावून सांगावं लागेल असं कधी वाटलंच नसणार. नात ते बघून म्हणाली, “मला वाटलं टॅली मार्क्स आहेत.”

एक शंका मी स्वतः काढली. शेर दोन प्रकारचा असे, वजनी आणि मापी. धान्य मापाने मिळे. चिपटं, मापटं, शेर, पायली ही मापं. धणे हलके असतात, मापी शेरभर धणे वजनाला बरेच कमी भरतात. चिठ्ठीतला शेर मापी असेल तर सगळंच गणित बदलतं. आजींनी क्षणात निकाल लावला: “धणे तागडीत तोलून मिळायचे. मापाने तांदूळ.” देशात मेट्रिक वजनं १९५८ पासून यायला लागली आणि १९६२ पर्यंत सक्तीची झाली, तेव्हा चिठ्ठी त्याआधीची किंवा जुन्या सवयीने नंतर लिहिलेली. आजींच्या लग्नाच्या वेळी ती फडताळाच्या दाराला आतून टाचलेली होती, एवढं त्यांना आठवतं.

राहिलं निळं झाकण. ते होतं! मिठाच्या बरणीत चमच्यासारखं वापरात होतं आणि बांधाबांधीत भंगारच्या पोत्यात जाऊन पडलं होतं. काढून धुतलं, काठोकाठ पाणी भरून स्वयंपाकघराच्या काट्यावर ठेवलं. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलीलिटर. झाकण १४ मिलीलिटरचं निघालं. मग आजींना विचारलं, हिंग कुठला? खडा हिंग कुटून. आजच्या डबीतल्या बांधणीच्या हिंगात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, तो तेवढाच घेऊन भागणार नाही.

यानंतर मी वहीचा एक नियमच करून टाकला. ज्या चिठ्ठीत वाटी, फुलपात्र, पेला, ओगराळं असं घरातलं माप आलं, ते भांडं शोधायचं, पाण्याने मोजायचं आणि भांड्याचा फोटो चिठ्ठीशेजारी लावायचा. फोटोत शेजारी पट्टी ठेवायची. भांडी या घरातून त्या घरात जाताना वाटली जातात, मोडीत दिली जातात, आणि मग ‘३ वाट्या’ या दोन शब्दांना काही अर्थ उरत नाही. या घरात ‘वाटी’ नावाची तीन निरनिराळी भांडी निघाली. अनारशांची वाटी शंकरपाळ्यांच्या वाटीहून चांगली मोठी होती. शंकरपाळे कधी तेल पितात, कधी दगड होतात, ही तक्रार इतक्या वर्षांची. त्यातला थोडा तरी दोष त्या वाटीचा असावा.

सुनेने नव्या प्रमाणाने पाव प्रमाणात मसाला करून पाहिला. आजींनी चिमूट तळहातावर चोळून वास घेतला आणि “खोबरं अजून जरा भाज,” म्हणाल्या. म्हणजे लेकीच्या आरोपातही तथ्य होतं. तेही पानावर लिहिलं आहे, तारखेसह.

दुधाचं पान

दुसरा वाद मात्र गणिताने सुटणारा नव्हता. कॅलेंडरांवर रोजच्या दुधाचा हिशेब होता, त्याच दंडांत. १॥ लिटर, रोज १॥, पाहुणे असतील तर २. मग १९८०च्या दशकातल्या एका वर्षी ऑगस्टपासून ॥।, दिवाळीनंतर ॥. आजोबा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत होते आणि ती त्या वर्षी बंद पडली होती. हिशेब जवळजवळ दोन वर्षं अर्ध्या लिटरवरच राहतो. त्याच पानांवर मेतकूट, कुळथाचं पिठलं, शेंगा सोलल्याचे तास अशा नोंदी वाढलेल्या दिसतात. शेंगा कुणासाठी सोलल्या, त्याचे पैसे किती आले, तेही कोपऱ्यात लिहिलेलं.

नातीला ही पानं फार महत्त्वाची वाटली. तिला ती ‘पाऊस’ भागाच्या सुरुवातीला मोठी करून लावायची होती. लेक ऐरोलीहून आली, पानं पाहिली आणि सरळ म्हणाली, “हे लावायचं नाही. हे बघायला येणारे लोक कोण असतील ते आपल्याला माहीत नाही.” ती तेव्हा शाळेत होती. डब्यात पोळीबरोबर काय असायचं आणि मैत्रिणी काय म्हणायच्या, हे तिला चांगलं आठवत होतं. सून गप्प. मुलगा म्हणाला, आईला विचारा.

अशा वेळी मी मधे पडत नाही. वही घराची, मी बाहेरची. पण एक गोष्ट सांगितली: ही पानं गाळली तर मेतकुटाची चिठ्ठी कुठल्या भागात लावायची ते सांगा, कारण या घरात मेतकूट त्याच वर्षी सुरू झालं आहे. त्याआधीच्या एकाही कॅलेंडरावर ते नाही.

आजींनी पानं जवळ घेतली, चष्मा बदलला आणि दंड वाचत गेल्या. त्यांनी पान ठेवायचं की नाही हे सांगितलंच नाही. एक चूक दाखवली. नातीने शेंगांच्या पैशांपुढे ‘रोज’ असं लिहिलं होतं, ते ‘पायलीला’ असायला हवं. मग म्हणाल्या, “आणि त्या वर्षी गणपतीला एकवीस मोदक केले होते, ते लिहा. उकड शेजारणीने दिली होती पीठ करून.” नातीने दोन्ही लिहून घेतलं. पान आगोटीच्या आधी की पावसात, हा प्रश्न तेवढ्यापुरता मागे पडला.

तोडगा निघाला तो प्रतींच्या वेळी. आमची मूळ योजना अशीच होती की मूळ कागद एका खोक्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, झोपायच्या खोलीतल्या कपाटात वरच्या खणात ठेवायचे. ओट्यावरच्या माळ्यावर नाही, तिथे वाफ आणि तेलकटपणा चढतो. वापरायला स्कॅनच्या छापील पानांची रिंग फाइल, पुसता येतील अशा पाकिटांत. पानं सुटी असल्यामुळे प्रत्येक घराची फाइल वेगळी लागू शकते. नौपाड्याच्या घराच्या फाइलमध्ये दुधाची पानं आहेत, मेतकुटाच्या चिठ्ठीच्या समोर. ऐरोलीच्या फाइलमध्ये मेतकूट आहे, त्याच्या समोर मोदकांची नोंद आहे, दुधाची पानं नाहीत. लेकीच्या फाइलमध्ये ‘थंडी’ नंतर तिने स्वतःचा एक भाग जोडला आहे, सासरचा: दिवा कोळीवाड्यातल्या शेजारणीकडून शिकलेलं सुकट आणि जवळ्याचं कालवण. आजींच्या घरात मासे शिजत नसत, म्हणून तो भाग नौपाड्याच्या फाइलमध्ये नाही.

नवी इमारत उभी राहायला वेळ आहे. नव्या स्वयंपाकघराच्या नकाशात बिल्डरने ओटा एका भिंतीला दिला आहे आणि गच्चीवर सोसायटीचे सौर पॅनेल येणार आहेत, त्यामुळे कुरडया वाळवायच्या कुठे हा प्रश्न आहे. सुनेने ‘वाळवण’ भागात शेवटी दोन कोरी पाकिटं घातली आहेत. घोडबंदरच्या भाड्याच्या घराला पश्चिमेची मोठी खिडकी आहे. या वर्षी तिथे साबुदाण्याच्या पापड्या घालून पाहिल्या. वाळायला नौपाड्याच्या गच्चीपेक्षा दुप्पट वेळ लागला आणि जाळीच्या बाजूच्या पापड्या वाकड्या झाल्या. नोंद केली आहे.